सही करून निघून जाणारा माणूस

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



धानोऱ्यात माझं झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. लोक मला कवी म्हणून ओळखतात ते सभासंमेलनात. एरवी मी झेरॉक्सवाला चाचा. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, मशीन घेतलं. अर्ज लिहून देणं आणि प्रती काढणं हे काम गेली कित्येक वर्षं करतो आहे. सातबारा, जातीचा दाखला, वनहक्काचे दावे असे कागद तर येतातच. पण माझ्या काचेवर सगळ्यात जास्त जो कागद ठेवला गेला असेल, तो ग्रामसभेचा ठराव.

ठरावाची भाषा ठरलेली असते. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक. खाली सह्या आणि अंगठे. हे वाक्य मी हजारदा वाचलं असेल. त्यातली ‘सविस्तर चर्चा’ किती वेळ झाली आणि ‘सर्व’ म्हणजे नेमके किती जण, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नाही. पडला तो कसा, तेच आज सांगणार आहे.

माझं मूळ गाव याच जंगलपट्ट्यात. नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता, माझा होता. अब्बांचं तिथं किराणा दुकान होतं. गावात गोंडांची घरं जास्त, थोडे ढिवर, थोडे कुणबी आणि आमची चार-पाच मुसलमानांची घरं. गावाच्या पलीकडे नाला. नाल्यापलीकडे आमचं कब्रस्तान, आणि त्याच वाटेवर गोंडांची माती देण्याची जागा. नाल्यावर रपटा नव्हता. पावसाळ्यात कुणी गेलं की हाल व्हायचे.

एका ग्रामसभेत हा विषय निघणार होता. दवंडी झाली. मी त्या दिवशी गावात होतो. शाळेच्या ओसरीवर शिपाई सहीचं रजिस्टर घेऊन बसला होता. मी सही केली, रामराम-सलाम केला आणि पानठेल्यावर जाऊन बसलो. मला वाटलं, बोलणारे बोलतील. घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, ‘‘दस्तखत कर आया, मुँह से भी कुछ बोला?’’ मी हसलो. त्या दिवशी रपट्याचा विषय मागे पडला आणि पैसे दुसऱ्याच कामाला गेले. प्रोसिडिंग बुकात मात्र ‘सर्वानुमते’ असंच लिहिलं होतं. आणि त्या ‘सर्वां’त माझी सही होती.

दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात अब्बा गेले. नाल्याला पूर होता. जनाजा काठावर ठेवून आम्ही पाणी उतरायची वाट पाहत उभे राहिलो. चार तास. सगळं गाव सोबत होतं. अब्बांच्या दुकानातून उधार नेणारा एक म्हातारा गोंड माझ्या शेजारी छत्री धरून उभा होता. त्याला रपट्याच्या सभेची आठवण होती. तो हळूच म्हणाला, ‘‘तवा तू कावून नाही बोललास गा?’’

श्रोतेहो, त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अर्ज लिहून देणारा माणूस मी, शब्दांवर प्रेम करणारा. आणि जिथं एक वाक्य बोलायला हवं होतं, तिथं मी नुसती सही करून निघून आलो होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी मी मेंढ्याला गेलो. मेंढा (लेखा) हे गाव आमच्या धानोरा तालुक्यातच आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे येताना तीसेक किलोमीटरवर, लेखा या गावाला लागून. शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. एसटीतून जाता-येता त्या गावाची घोषणा मी तरुणपणापासून ऐकत होतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’. पण घोषणा या देशात काय कमी आहेत? म्हणून कधी उतरलो नव्हतो. त्या दिवशी उतरलो.

ग्रामसभा भरली होती. बायका-पुरुष दोन्ही होते. मी मागे बसलो. बोलणं बरंचसं गोंडीत, मला अर्धं कळत होतं. मला नवल वाटलं ते एका गोष्टीचं. कुणी हात वर करून मतं मोजली नाहीत. मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो. त्या एकाला दाबायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत. त्याचं म्हणणं ऐकायचं, पुन्हा बसायचं. त्याला पटलं किंवा ‘तुमचं होऊ द्या, माझी हरकत नाही’ असं तो मनापासून म्हणाला, की मग निर्णय. आमच्याकडे ‘सर्वानुमते’ हा शब्द कागदावर असतो. तिथं त्या शब्दासाठी माणसं पुन्हा पुन्हा बसतात.

याची सुरुवात फार जुनी आहे. १९८० च्या दशकात या भागात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. लालश्याम शहा आणि बाबा आमटे त्यात होते. त्या हवेत मेंढ्याची माणसं जागी झाली. देवाजी तोफा हे गावातलेच. मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरहून आले, ते गावाला शिकवायला नाही तर गावाबरोबर शिकायला. २०२५ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या आग्रहातून गावात अभ्यासगट सुरू झाले. निर्णय ग्रामसभेत, पण निर्णयाआधी अभ्यास. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्यालाही बोलवावं, कायदा वाचावा, हिशेब मांडावा. तिथं निर्णय करायचा नाही. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, इथपासून जंगल कुणाचं, इथपर्यंत सगळे विषय त्यात झाले.

हे सगळं कायदा येण्याआधीपासूनचं आहे, हे लक्षात घ्या. आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याची ग्रामसभा त्याआधी कितीतरी वर्षं बसत होती. म्हणून कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

पण कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असं नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! जंगलात बांबू होता. तो गावाचा, हे पट्ट्यात आलं. मात्र तो विकायचा तर वाहतूक पास हवा, आणि पास देणार वनखातं. आता वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र ‘झाड’ या व्याख्येत बांबूही बसवलेला. या गवत-झाडाच्या वादात गावाचा बांबू जागच्या जागी उभा. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेकडे आलेली रक्कम कोटीच्या घरात गेली. कधीकाळी जे जंगल कागद गिरणीच्या बांबूसाठी राखलेलं असायचं, त्याच जंगलात गावकऱ्यांनी मजुरी स्वतः ठरवून स्वतः दिली. कामाच्या मिळकतीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा, ही त्यांची जुनी रीत होतीच. त्यामुळे पैसा आला तेव्हा तो कुठं ठेवायचा आणि हिशेब कुणी लिहायचा, यावर गाव गोंधळलं नाही.

माझी एक भाची लग्न होऊन इंग्लंडमधल्या एका लहान खेड्यात राहते. तिला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘मामू, आमच्याकडेही गावाची पंचायत आहे.’’ तिकडे तिला पॅरिश कौन्सिल म्हणतात. तिची कामं ऐकून मला गंमत वाटली. पायवाटा मोकळ्या ठेवणं, बसथांब्याची शेड, मुलांचं मैदान, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, आणि हो, कबरस्तानची देखरेख. खर्चाचे पैसे तिथल्या घरपट्टीसारख्या करातूनच येतात. मी थोडं वाचलं. या पंचायती १८९४ च्या कायद्यानं निर्माण झाल्या. लग्न झालेल्या बायकांनाही त्या कायद्यानं गावाच्या या कारभारात मत देण्याची आणि उभं राहण्याची वाट मोकळी केली. सगळ्यात मनात राहिली ती एक तरतूद. अगदी लहान गावाला निवडून दिलेली पंचायत लागतच नाही. तिथं गावातल्या सगळ्या मतदारांची सभा हीच पंचायत.

म्हणजे बघा, सातासमुद्रापलीकडच्या गोऱ्या खेड्याला आणि कठाणी नदीकाठच्या गोंडांच्या गावाला एकच गोष्ट कळली आहे. लहान गावाला आपल्यासाठी बोलणारा माणूस निवडायची गरज नसते. ते स्वतःच बोलू शकतं. आपल्याकडेही कायदा हेच सांगतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. पण गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचीही अट नाही. मग चार डोकी ‘सविस्तर चर्चा’ करतात आणि संध्याकाळी प्रत काढायला कागद माझ्या दुकानात येतो.

मेंढ्याचं सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. सहमतीला वेळ लागतो. घाई असलेल्या माणसाला ते बसणं असह्य होतं. २०१३ मध्ये गावानं १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, पण पुढं शासनाच्या दारी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली, उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आणि मेंढ्यासारखी गावं सगळीकडे नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. काही ठिकाणी तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, ठेकेदार येतो, सह्या होतात आणि संपतं. तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसारखं एखादं गाव तेंदूपत्ताच तोडायचा नाही असं ठरवतं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लागतात. पट्टा दोघांकडेही आहे. फरक आहे तो बसण्याचा.

आणखी एक गोष्ट या भागातला माणूसच सांगू शकेल. इथं अनेक वर्षं बोलणं धोक्याचं होतं. एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूलाही बंदूक. कोण काय बोललं हे कुणाच्या कानावर जाईल याचा नेम नव्हता. ‘आपल्याला काय करायचं’ हे वाक्य आम्ही जीव वाचवायला शिकलो. पुढं भीती ओसरली तरी वाक्य तोंडात राहिलं. अशा मुलखात एक गाव उघड्यावर बसून, नाव लपवून न ठेवता, मोठ्यानं बोलत राहिलं. बांबूच्या पैशापेक्षा मला ही कमाई मोठी वाटते.

मेंढ्याहून परतल्यावर मी माझ्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला गेलो. सही केली आणि बसलो. रपट्याचा विषय काढला. आवाज कापत होता. कवितेला टाळ्या मिळतात, इथं लोक नुसते बघत होते. एकानं विचारलं, ‘‘फक्त तुमच्या कब्रस्तानसाठी गावाचा पैसा?’’ मला राग आला. पण मेंढ्यात पाहिलं होतं, विरोध करणाऱ्याचं ऐकायचं. मी ऐकलं. त्याचं म्हणणं होतं की त्याच्या मोहल्ल्यातली बोअरवेल दोन वर्षांपासून बंद आहे. खरं होतं. त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या सभेतही नाही. मग छत्रीवाला तो म्हातारा उठला आणि गोंडीत म्हणाला, त्या वाटेनं आमचीही माती जाते. तिसऱ्या सभेत आधी बोअरवेल आणि मग रपटा असं ठरलं. बोअरवेलवाल्यानंच रपट्याला अनुमोदन दिलं.

त्या ठरावाच्या प्रती मी माझ्या मशीनवर काढल्या. ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ ते वाक्य पहिल्यांदाच मला खरं वाटलं. प्रतींचे पैसे मी घेतले नाहीत.

पुढं दोन पावसाळ्यांनी तो म्हातारा गेला. नाल्याला पाणी होतं, पण आम्ही थांबलो नाही. रपट्यावरून त्याला नेताना एक खांदा माझा होता.

येत्या ग्रामसभेला तुमच्याही गावात दवंडी होईल, किंवा आता व्हॉट्सअॅपवर निरोप येईल. श्रोतेहो, सही तर कराच. पण सही करून निघून येऊ नका. थोडा वेळ बसा.