दोन संगीतकार



चित्रपटसंगीत म्हणजे चार दिवसांची चैन, असे आपली वडील मंडळी म्हणत. मला ते पटत नाही. सी. रामचंद्र आणि वसंत देसाई यांचेच पाहा. 'अलबेला' (१९५१) मधील चाल वाजली की आजही पाय थिरकतात. आणि 'अनारकली' (१९५३) मध्ये त्याच रामचंद्रांनी इंदुरात जन्मलेल्या लताबाईंकडून केवढी आर्तता काढून घेतली! गोडव्यात त्यांना तोड नाही.

देसाईंची वाट निराळी. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) चे शीर्षकगीत त्यांनी आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून अडाणा रागात गाऊन घेतले. पण त्यांचे खरे मोठेपण मला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधील प्रार्थनेत दिसते. अनेक शाळांत ती अजून म्हटली जाते. पेटी नसो, पन्नासांतली दहा पोरे बेसूर असोत, चाल मोडत नाही. रामचंद्रांची एक चाल मी वर्गात म्हणवून पाहिली. पहिल्या हरकतीलाच सारा वर्ग हसू लागला!

त्या प्रार्थनेत देवाला मालिक म्हटले आहे. हा मालिक कुणाचा, असे इतक्या वर्षांत एकाही मुलाने मला विचारलेले नाही.