गेट मोकळे सोडू नये



आपल्या घरातील इन्व्हर्टर आणि रायपूरच्या रस्त्यांवरील ई-रिक्षा पॉवर मॉस्फेटवर चालतात. तो जळाला, की चालकाची दिवसाची कमाई बुडते. शेकडो वॅट पेलणाऱ्या या घटकाचे गेट मात्र नाजूक. बहुधा गेट-सोर्समध्ये 20 व्होल्टांपलीकडे दाब त्याला सोसत नाही, आणि नवतप्याच्या कोरड्या हवेत आपल्या अंगावर हजारो व्होल्ट साचू शकतात! नुसत्या स्पर्शाने आतील ऑक्साइडचा थर भेदला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. परिपथात गेट-सोर्समध्ये 10 किलोओहमचा रोधक ठेवावा. मोकळे गेट अर्धवट चालू होऊन मॉस्फेट तापवते. मी एकदा तो आळसाने गाळला. मॉस्फेट त्याच संध्याकाळी जळाला, आणि मी भांडलो दुकानदाराशी.