फेरफाराची वही आणि गिट

मुरबाड तालुक्यांत कोणी आपलें भातखाचर विकलें, तर तलाठी सातबाऱ्यावरील जुन्या मालकाचें नांव खरवडून काढीत नाहीं. तो गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडतो; झालेला व्यवहार क्रमांक घालून तींत लिहितो; नोंदीची प्रत चावडीवर लावतो; संबंधितांना नोटीस देतो; आणि हरकतीची मुदत उलटून वरिष्ठ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केली, तरच सातबारा बदलतो. हातानें लिहिलेल्या उताऱ्यांत जुनें नांव कंसांत जाई व नव्याशेजारीं फेरफाराचा क्रमांक येई. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत ही रीत घालून दिलेली आहे. आतां ती संगणकावर चालते, इतकाच फरक.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींनाही अशीच वही लागते. एकच आज्ञावली एक जण मुरबाडला, दुसरा पुण्यास, तिसरा परदेशांत बसून दुरुस्त करीत असतो. कोणाच्या हातून कोणाचें काम पुसलें गेलें, हें मागाहून कळावें कसें? हल्लीं त्यासाठीं बहुतेक ठिकाणीं ‘गिट’ नांवाचें साधन वापरतात. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनीं तें २००५ सालच्या एप्रिलांत, पूर्वीचें साधन फुकट वापरावयास मिळेनासें झालें म्हणून, घाईघाईनें रचलें.

रोजच्या आज्ञा थोड्याच आहेत. ‘गिट स्टेटस’ कोणत्या फायली बदलल्या तें सांगते. ‘गिट डिफ’ बदललेल्या ओळी दाखविते. ‘गिट ॲड’नें नोंदीस घ्यावयाचे बदल निवडावयाचे, आणि ‘गिट कमिट’नें कारणासह नोंद पाडावयाची. कारणाच्या जागीं पुष्कळ जण ‘दुरुस्ती केली’ एवढेंच लिहितात. फेरफारांत ‘जमीन बदलली’ असें लिहिणाऱ्या तलाठ्यास कोणी शाबासकी देईल काय? ‘गिट लॉग’ सारी वही वाचून दाखविते.

येथें चावडीशीं असलेलें साम्य थोडें सुटतें. गांवाचें दप्तर एक; गिटमध्यें बहुधा प्रत्येकापाशीं संपूर्ण वहीची प्रत असते. आपल्या नोंदी सामाईक वहीस धाडणें म्हणजे ‘पुश’, आणि इतरांच्या आणून आपल्या कामांत मिसळणें म्हणजे ‘पुल’.

प्रत्येक नोंदीची खूण तिच्या मजकुरावरून व आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणितानें काढलेली असते. मागील एक नोंद बदलली, कीं पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. म्हणून सर्वांपर्यंत पोहोंचलेली चूक ‘गिट रिव्हर्ट’नें सुधारावी, ती जुनी नोंद तशीच ठेवून तिच्या उलट नवी नोंद पाडते. ‘रिसेट’नें मागें जाऊन मग ‘पुश’ला ‘फोर्स’ जोडणें ही मात्र दांडगाई होय. सामाईक वहींतून सहकाऱ्याच्या नोंदी त्यानें दिसेनाशा होतात, आणि चावडीवर लावावी तशी नोटीसही त्या बिचाऱ्यास मिळत नाहीं.

आपल्याच यंत्रावर असा घोटाळा झाला, तर ‘गिट रिफ्लॉग’ धांवून येते. सोडून दिलेल्या नोंदींचा माग ती सामान्यतः तीस दिवस तरी ठेवते, व तेवढ्या अवधींत त्या परत आणतां येतात. ‘ॲड’ही न केलेले बदल मात्र ‘रिसेट’ला ‘हार्ड’ जोडल्यानें गेले, तर गिटपाशीं त्यांचा मागमूस नसतो. दुपारभर लिहिलेलें मग आठवून आठवून पुन्हां लिहावें लागतें.