पळसगावचा यशवंत

मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावात बहुतेक गाड्या चहासाठी थांबतात. तिथल्या तहसील कार्यालयापाशी एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. तो यशवंत घाडगे यांचा. गाव पळसगाव-आमडोशी, तालुका माणगाव. जिल्हा आज रायगड, त्या काळी कुलाबा. जन्म १९२१ चा. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत. वय अवघं बावीस!

कोकणातल्या पोराला तेव्हा दोन वाटा ठाऊक होत्या. एक मुंबईच्या गिरणीची, दुसरी पलटणीची. भाताचं एक पीक आणि वाटण्या होऊन उरलेला जमिनीचा तुकडा, एवढ्यावर घर चालत नसे. यशवंत पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते दोन फितींचे नाईक होते, म्हणजे एका सेक्शनचे म्होरके.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. उरले एकटे यशवंत. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने ती गन आणि ती चालवणारा गारद केला. दुसऱ्याला टॉमीगनने टिपलं. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं हाती आलं. पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च लष्करी सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर मिळाला. तो आला त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती.

पराक्रमाची ही गोष्ट आपण सांगतो आणि थांबतो. मला पुढचं बोलायचं आहे. सैनिकाच्या घरी लढाई रोजच चाललेली असे. मनिऑर्डर आली की घर श्वास सोडी. पत्र आलं की वाचायला कुणीतरी शिकलेला शोधावा लागे. पत्रात ठिकाणाचं नाव नसे, कारण सेन्सॉर. माजघरातल्या बाईला इटली कुठल्या दिशेला आहे हेही कळायचं नाही. आणि तार आली, तर वाचायच्या आधीच घराला कळायचं.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव इटलीतच सेनिओ नदीवर लढले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी सुखरूप आणलं, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते घरी परत आले. रेजिमेंट एक, देश एक, सन्मान एक. पण एका घरी माणूस आला, दुसऱ्या घरी नुसतं पदक.

हे युद्ध आपलं होतं का, असं विचारणारे आहेत. प्रश्न खरा आहे. इकडे १९४२ चा 'चले जाव' लढा पेटलेला, तिकडे आपली पोरं साहेबाच्या झेंड्याखाली. म्हणून स्वातंत्र्यानंतर या जवानांना कुठे बसवावं, हे आपल्याला नीट उमगलं नाही. मला वाटतं, झेंड्याचा हिशेब इतिहासाने जरूर मांडावा. पण ज्या घराचा कर्ता मुलगा गेला, त्या घराचं दुःख त्या हिशेबावर कमी-जास्त होत नाही.

इटलीतल्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. पाच हजार सातशेहून अधिक परतले नाहीत. यशवंत घाडगे यांची कबर नाही, समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारकही उभं राहिलं. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याचं ब्रीद आहे. परक्या मातीतल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी आपल्या पोराची आठवण ठेवली.

राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. अनेक भारतीय सैनिकांच्या नावापुढे तिथे लिहिलेलं असतं: अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, राहणार अमुक गाव. मला त्या ओळी फार मोलाच्या वाटतात, कारण तिथे सैनिकाबरोबर त्याचं घरही नोंदलेलं आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर, कुठल्याही जिल्ह्यातलं आपलं गाव त्यात शोधून पाहा. एखादं नाव सापडलं, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे घर कुठलं? सांगणारी माणसं थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर शाळेच्या वहीत का होईना, दोन ओळी लिहून ठेवा: सैनिकाचं नाव, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांची नावं.