घाईची जमाबंदी



महसूल, इतिहास आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना एकत्र बसवणाऱ्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल आभार मानून मी लगेच विषयाकडे वळतो. कारण परिषद ग्वाल्हेरच्या कंपू भागात भरणार असे कळले तेव्हाच विषय ठरून गेला होता. जमिनीचे फेरवाटप झपाट्याने केले असता त्याची किंमत किती पडते आणि ती कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या व्यासपीठांवरून पुष्कळदा चर्चिला गेला आहे. परंतु ज्या शहरातील मराठी वस्तीचा सारा प्रपंच अशा एका कायद्याने पालटला, त्या शहरात तो क्वचितच विचारला गेला, आणि विचारला गेला तोही बहुधा उसासा टाकून. उसासा हे काही अर्थशास्त्राचे साधन नव्हे.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले, आणि फौजेच्या त्या दिवसांची खूण कंपूच्या नावात आजही शिल्लक आहे. या फौजांच्या खर्चासाठी सरदारांना गावे तोडून दिलेली असत. म्हणजे जहागीर हा मुळात फौजेचा पगार होता, घराण्याची खाजगी मिळकत नव्हती. २९ डिसेंबर १८४३ रोजी इंग्रजांविरुद्धच्या महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढाया एकाच दिवशी हरल्यावर पुढच्याच महिन्यात जो तह झाला, त्याने दरबारच्या फौजेवर कडक मर्यादा घातली. ज्या चाकरीसाठी गावे दिली होती ती चाकरी बव्हंशी संपली, गावे मात्र राहिली, आणि पुढची शंभरावर वर्षे त्या गावांचा वसूल लष्करातील वाड्यांत, गोठांत आणि बाजारांत येत राहिला. चिटणिसांची गोठ, निंबाळकरांची गोठ, फाळके बाजार, पाटणकर बाजार, बालाबाईचा बाजार ही नुसती मोहल्ल्यांची नावे नाहीत. दूरच्या गावांतून निघालेल्या धान्याचा पैसा कोठे येऊन थांबत असे, याचा तो नकाशा आहे. तेव्हा जहागिरी का गेल्या, हा माझा प्रश्नच नाही. त्या शतकभर उशिरा गेल्या, असे मी या सभेत, समोर बसलेल्या जुन्या घराण्यांतील मंडळींची क्षमा मागून, स्पष्ट म्हणतो. माझा प्रश्न त्या ज्या रीतीने गेल्या त्या रीतीसंबंधी आहे.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला, ग्वाल्हेरचे जिवाजीराव महाराज त्याचे राजप्रमुख झाले, आणि अवघ्या काही वर्षांत, संवत् २००८ मध्ये, जमीनदारी निर्मूलनाचा आणि जहागिरी निर्मूलनाचा असे दोन कायदे पुस्तकात चढले. जमीनदारी २ ऑक्टोबर १९५१ पासून संपुष्टात आली. जहागिरी १९५२ च्या डिसेंबरात सरकारजमा झाल्या. महाराजांचा तनखा मात्र संघाच्या करारनाम्याने सालिना २५ लाख रुपये ठरला होता आणि तो १९७१ पर्यंत घटनेच्या छत्राखाली सुखरूप राहिला. सर्वांत मोठ्या मालकाला वीस वर्षांची मुदत आणि दोन गावांच्या जहागीरदाराला एका अधिसूचनेची, असा हा न्याय होता.

जमीनदारीच्या कायद्यातील एका कलमाकडे मी अभ्यासकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. जमीन सरकारात निहित होईल त्या तारखेपूर्वी गावच्या वार्षिक कागदांत जी जमीन मालकाची खुदकाश्त, म्हणजे स्वतः कसलेली, म्हणून नोंदलेली असेल, ती त्याच्या ताब्यात राहील, असे ते कलम आहे. वाचताना ते निरुपद्रवी, किंबहुना उदार वाटते. परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की शेत कोण नांगरतो हा प्रश्न मागे पडून खसऱ्यात, म्हणजे त्या वार्षिक कागदांत, काय लिहिले आहे हा प्रश्न पुढे आला, आणि खसरा लिहिणारा पटवारी हा त्या वर्षापुरता सुभ्यापेक्षाही थोर अधिकारी झाला. कायदा येणार हे साऱ्या मुलखाला आधीच ठाऊक होते. ज्याच्या पदरी मुखत्यार होता, तहसिलीत ज्याची ऊठबस होती, वकिलाची फी ज्याला जड नव्हती, त्याला आपल्या नावापुढे खुदकाश्त हा शब्द चढवून घेणे अवघड नव्हते. वर्षानुवर्षे तोंडी करारावर राबणाऱ्या शिकमी कुळाला आपले नाव कागदावर कोठेच नाही हे कळण्यालाच फार उशीर होणार होता. आणि लष्करात राहून वर्षाकाठी एकदा वसुलाचा हिशेब पाहणाऱ्या लहान माफीदाराच्या विधवेला खुदकाश्त म्हणजे काय हे समजावून सांगणारेही कोणी नव्हते. घाईने वाटलेली जमीन कागदावर ज्याची पकड आहे त्याच्याकडे जाते, मग तो जुना मालक असो, गावचा नवा पुढारी असो, वा पटवाऱ्याचा मेहुणा असो. या भाषणात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

ग्वाल्हेरच्याच दरबारात या घाईच्या उलट उदाहरण घडून गेलेले आहे, आणि ते आपण विसरलो याचे मला नवल वाटते. १८५२ साली देवरुखच्या दिनकरराव राजवाड्यांच्या हाती ग्वाल्हेरची दिवाणगिरी आली, तेव्हा मुलूख इजारदारांच्या मुठीत होता; जो अधिक बोली बोलेल त्याला वसूल, आणि रयतेचे काय होईल ते होवो. दिनकररावांनी इजारा मोडला, परंतु तो मोडताना आधी वसुलाची रक्कम ठरवली, ती ठरल्यानुसार घेणारे पगारी अंमलदार नेमले, आणि काटकसरीचा आरंभ स्वतःच्या वेतनापासून केला. त्यांच्या सुधारणेत हक्काची भाषा नाही, समतेची तर नाहीच. पण आधी दप्तर आणि मग हुकूम, हा क्रम आहे.

तो क्रम चुकला म्हणजे काय होते, हे त्याच दशकात शेजारच्या अयोध्या प्रांतात दिसले. १८५६ मध्ये प्रांत खालसा करून इंग्रजांनी जो सरसरी बंदोबस्त केला, त्याचे तत्त्व आजच्या कोणत्याही पुरोगाम्याला मान्य होईल असे होते: तालुकदार हे मधले दलाल, त्यांना दूर सारून प्रत्यक्ष कसणाऱ्यांशी करार करावा. तालुकदारांच्या हातची गावे शेकडा ६७ वरून ३८ वर आली. रयत दुवा देईल अशी अंमलदारांची अपेक्षा होती. दुसऱ्याच वर्षी बंड उठले तेव्हा ती रयत हातात तलवार घेऊन तालुकदारांच्याच पाठीमागे गेली. कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. तालुकदार जुलमी असला तरी अवर्षणात सूट देई, बी देई, लग्नात उचल देई. नव्या सरकारने त्याचा जुलूम काढून घेतला, पण त्याची जागा भरली नाही, आणि वर साऱ्याचा आकडा मात्र चढा ठेवला. बंड मोडल्यावर गव्हर्नर-जनरल कॅनिंगसाहेबांनी बहुतेक तालुके परत केले. दक्षिणेत इनाम कमिशनने सुमारे २० हजार इनामे खालसा केली, त्यानेही असेच विष पेरले. त्या बंडाच्या आगीच्या ज्वाळा १८५८ च्या जूनमध्ये याच लष्करापर्यंत पोहोचल्या, तात्या टोपे व झाशीची राणी किल्ल्यावर आली आणि दिनकररावांना तेव्हाच्या महाराजांसह आग्ऱ्याची वाट धरावी लागली, हा इतिहास येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग सावकाश जावे, हाच तुमचा उपदेश दिसतो. तसे मी म्हणत नाही. आणि तसे म्हणणाऱ्यांना मी महाराष्ट्राकडे बोट दाखवीन. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा. कसेल त्याची जमीन हे तत्त्व प्रत्यक्षात आणणारा कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. मधल्या वर्षांत काय घडले, याचा शोध गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दांडेकर आणि खुदानपूर यांनी घेतला व १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. कुळांनी जमिनी राजीखुशीने परत केल्याच्या नोंदींच्या राशी त्यांना आढळल्या, आणि ही राजीखुशी बहुधा नावापुरती होती, कायद्याचे संरक्षण गावात फारसे पोहोचलेच नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जेथे जमीन कुळाकडे गेली, तेथे आकाराच्या २० ते २०० पटीत किंमत ठरली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीने हादरून गाव सोडून गेलेल्या ब्राह्मण कुटुंबांपैकी कितीकांना हा पैसा हप्त्याहप्त्याने, पुण्याच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत बसून, मनिऑर्डरीने घ्यावा लागला. म्हणजे येथे बड्या मालकाने वेळ साधून कुळ घालवले आणि लहान मालकाने जमीन घालवली. घोषणा लवकर करावयाची आणि अंमल उशिरा, हा घाईचाच एक प्रकार आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महाग.

याउलट जपानकडे पाहा. १९४६ पासून चार वर्षांच्या आत तेथे कुळपद्धती जवळजवळ नाहीशी झाली. याहून झपाट्याचे फेरवाटप शांततेने दुसरीकडे झालेले माझ्या माहितीत नाही. परंतु तेथे प्रत्येक गावात निवडलेली समिती होती, पाच कुळे, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे मालक अशी, आणि कोणता तुकडा कोणाचा हे त्या दहा जणांना पटवाऱ्याला न विचारता ठाऊक होते. तैवानने १९५३ मध्ये जमीनदाराला सत्तर टक्के मोबदला धान्याच्या रूपात फिटणाऱ्या रोख्यांनी दिला आणि उरलेला तीस टक्के सरकारी कारखान्यांच्या भागांनी. काल ज्याचा खंड बुडाला तो आज सिमेंटच्या कंपनीचा भागीदार झाला. आमच्या येथे पॉटरी होती, लेदर फॅक्टरी होती, १९२१ पासून जियाजीराव कापडगिरणी होती. मध्यभारताच्या एकाही मंत्र्याला जहागिरीच्या मोबदल्याची सांगड कारखानदारीशी घालावीशी वाटली नाही. तो हप्त्यांनी मिळाला आणि मुंजीलग्नांत, कोर्टकचेऱ्यांत खर्च झाला. आणि मोबदला निदान जहागीरदाराला तरी मिळाला! वाड्यावरचा कारकून, हुजऱ्या, मोडी लिहिणारा फडणीस, उत्सवात गाणारा गवई यांचा पगारही त्याच वसुलातून जात होता. त्यांचे नाव मोबदल्याच्या कोणत्याच यादीत नव्हते. ग्वाल्हेर घराण्याची गायकी कृष्णराव शंकर पंडितांसारख्यांच्या निष्ठेने आणि माधव संगीत महाविद्यालयासारख्या संस्थांच्या आधाराने टिकली, वाड्यांच्या आश्रयाने नव्हे. १९५६ मध्ये राजधानीचा मानही भोपाळकडे गेला, तेव्हा लष्कर ओसरण्याचे सगळे खापर जहागिरींच्या कायद्यावर फोडता येणार नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आता राजकीय किमतीविषयी. १९५२ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसचा जयजयकार चालू असता ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही लोकसभा मतदारसंघांतून हिंदुमहासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे निवडून आले. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरच्या जागी नागपूरचे डॉ. ना. भा. खरे आले. यात फाळणीचा क्षोभ होता, दरबारी आस्था होती, पण जमीन गमावणाऱ्या वर्गाचा संघटित रोषही होता, असे मला वाटते. ज्याचे जाते तो तत्काळ संघटित होतो आणि ज्याला मिळते तो शेतावर जातो. पुढे १९५९ च्या नागपूर काँग्रेसने कमाल धारणेचा व सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्मास आला. १९६७ मध्ये छत्तीस आमदार फुटून मध्यप्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले, तेव्हा त्या बंडाची सूत्रे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे यांच्याकडे होती. आदल्या वर्षीचे विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि व्यक्तिगत मानापमान ही त्याची जवळची कारणे असली, तरी मुळे अधिक जुनी होती.

दुसरी किंमत घटनेने मोजली. पाटण्याच्या न्यायालयाने १९५१ च्या मार्चमध्ये बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवताच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नवव्या परिशिष्टाची कोठडी बांधण्यात आली. तीत ठेवलेला कायदा तेव्हा न्यायालयाच्या नजरेआड जाई. आरंभी तेथे तेरा कायदे होते, त्यांत मुंबईचा कुळकायदा, खोती निर्मूलनाचा आणि परगणा व कुलकर्णी वतनांचा असे आपल्या ओळखीचेही होते. आज त्यांची संख्या २८४ झाली आहे, आणि त्यांतील कितीतरींचा जमिनीशी संबंध लावणे कोणत्याही मोजणीदाराला जमणार नाही. झिंबाब्वेने तर २००० सालानंतर न्यायालये बाजूला सारून सुमारे चार हजार गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. अन्यायाचे निवारण म्हणून त्या घेणे समर्थनीय होते, परंतु त्या गेल्या बऱ्याच अंशी सत्तेच्या जवळच्यांकडे, बँकांचे तारण बुडाले, चलनाचा कागद झाला, आणि २०२० मध्ये त्याच सरकारला जमिनीवरील सुधारणांपोटी ३५० कोटी डॉलर देण्याचा करार करावा लागला.

आमच्या कायद्यांचे काम अद्याप संपलेले नाही. देवस्थानांच्या माफी जमिनींत पुजाऱ्याचा हक्क कोणता, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ च्या सप्टेंबरात निकाल लागला, की मालकीच्या रकान्यात नाव देवतेचेच राहील, पुजारी हा केवळ व्यवस्थापक. त्या निकालाच्या विवेचनात कानून माल, रियासत ग्वाल्हेर याचा आधार आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी विसर्जित झालेल्या संस्थानाचे महसुली पुस्तक अजून उघडावे लागते. विशेष हे, की राज्याचे राजस्व मंडळ आणि भू-अभिलेखांच्या आयुक्तांची कचेरी ग्वाल्हेरातच आहे. सरकारी बाजूचे कागद तेथे. दुसऱ्या बाजूचे, वसुलाच्या वह्या, मुखत्यारांची पत्रे, शिकमी कुळांच्या तोंडी करारांची टिपणे, हे सारे येथील वाड्यांत मोडी रुमालांमध्ये बांधून पडले आहे, आणि ते वाचू शकणारे दरवर्षी कमी होत आहेत. १९५० ते १९५२ या तीन सालांत एकेका गावाच्या खसऱ्यात खुदकाश्तीची नोंद किती बिघे वाढली आणि शिकमीची किती घटली, हे या दोन बाजू शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. माझी आपणांस विनंती आहे, की आजच्या दुसऱ्या सत्रात ठराव करण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या घरी असे किती रुमाल आहेत आणि ते कोणत्या परगण्याचे आहेत, हे कार्यवाहांकडे लिहून द्यावे. आरंभ पोहरी आणि भिंड या दोन भागांपासून करू.