सायकल आली, पण हायवे मधे

माझे अब्बा डहाणूच्या एका बेकरीतून पहाटे पाव घेऊन निघायचे. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, हँडलला खारी-बटरच्या पिशव्या. आशागडपर्यंत, तिथून आतल्या पाड्यांवर. पैसे नसतील तिथं अंडी घ्यायची, नाहीतर वालाच्या शेंगा. पाड्यावरची मुलं घंटी ओळखत. मी मात्र कॉलेजात गेल्यावर, ती पेटी मित्रांना दिसू नये म्हणून त्यांना दुसऱ्या गल्लीतून घरी आणायचो. नोकरी लागली तशी हप्त्यानं स्कूटर घेतली आणि सायकल भंगारात द्या म्हणालो. अब्बा म्हणाले, 'हिनंच तुला बी.ए. केलंय.' सायकल त्यांनी दिली नाही.

आता शहरांत सायकलीचा प्रचार चालू आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. रविवारी सकाळी आमच्या डहाणू-बोर्डी रस्त्यावर, सुरूच्या सावलीत, हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसतात. बघायला बरं वाटतं. पण सोमवारी यातले किती जण सायकलनं कामाला जातात? आणि जायचं म्हटलं तरी कुठून? वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलींसाठी मार्ग आखला, त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या.

सायकलीची खरी कमाई दुसरीकडे दिसते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम बायकाही होत्या. बिहारनं २००६पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली जवळपास एक तृतीयांशानं वाढल्या. शाळा लांब होती तिथं जास्त. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात.

माझी भाची तलासरीला नववीत आहे. तिलाही शाळेतून सायकल मिळाली. दोन महिन्यांनी गेलो तर पडवीत तशीच, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मला वाटलं, तोच जुना संकोच, मुलीची जात, लोक काय म्हणतील. पुदुकोट्टईपासून सुरुवात करून मी आपाला चांगलं व्याख्यान दिलं. (कवीला घरात श्रोते मिळाले की असं होतं.) तिनं भाकरी थापत सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'भाई, उद्या तूच जा तिच्याबरोबर.'

गेलो. मधे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. गुजरातकडे जाणारे कंटेनर एकामागोमाग. कडेला ट्रक उभे, त्यांच्या आडून उलट्या दिशेनं मोटारसायकली. आम्ही सायकल हातात धरून दहा मिनिटं उभे होतो. मी पोरीचा हात घट्ट धरला होता आणि तिला त्याची लाज वाटत होती. घरी आल्यावर मी आपाची माफी मागितली.

आता त्या भागातल्या पाच मुली मिळून जातात. ओलांडायच्या जागी रोज कुणीतरी मोठं माणूस उभं राहतं. ट्रकवाले नेहमी थांबतात असं नाही, पण हात केला की काही जण वेग कमी करतात. शनिवारची पाळी माझी. आदल्या रात्री एस.टी.नं येतो. अब्बांची सायकल तेलपाणी करून आपाकडेच ठेवली आहे. मुली पुढे, मी मागे. गेल्या शनिवारी भाची वळून म्हणाली, 'मामू, तुमची घंटी फार मोठ्यानं वाजते.'