रस्ता आपल्या दारातून जातो

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी एक निवृत्त शिक्षक. आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. गावाच्या मधून राज्यमार्ग जातो. एका बाजूला शाळा आणि ग्रामपंचायत, दुसऱ्या बाजूला निम्मी वस्ती. सहा-सात वर्षांच्या पोरालाही शाळेला यायचं तर हा रस्ता ओलांडावाच लागतो. रस्ता सुरक्षेवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा वाटलं, नियमांची यादी तुम्हाला पाठ आहे. मी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. तिच्यातून जे शिकलो ते कदाचित तुमच्या गावाला उपयोगी पडेल.

गोष्ट 2012 सालची. ऑक्टोबर अखेरीला सातवीतल्या एका मुलाला शाळेसमोर जीपने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, पण पोरगा वाचला. गाव पेटून उठलं. गतिरोधकासाठी आम्ही दोनदा अर्ज दिले होते, उत्तर आलं नव्हतं. त्या रात्री तरुण मंडळी मुरूम, खडी, सिमेंट घेऊन आली आणि दोन तासांत आडवा बांध घालून मोकळी झाली. त्यांच्या पुढे कोण होतं? मीच होतो. कंदील धरून उभा होतो आणि "अजून थोडा उंच घ्या रे," असं सांगत होतो.

बाराव्या दिवशी, दिवाळीत, शेजारच्या गावचा एक तरुण आपल्या बहिणीला मोटारसायकलवरून माहेरी घेऊन चालला होता. अंधार पडला होता. आमच्या बांधावर रंग नव्हता, अलीकडे फलक नव्हता. गाडी उडाली, मागे बसलेली बहीण डोक्यावर पडली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा तो भाऊ एवढंच म्हणाला, "गुरुजी, तिथं काहीतरी आहे एवढं दिसलं असतं तरी मी गाडी हळू केली असती."

आल्या आल्या आम्ही पहारीने तो बांध उखडला. पण उखडून काय होणार होतं?

मग मी बांधकाम विभागातल्या एका अभियंत्याकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे नेहमीचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्ये फक्त 10 सेंटीमीटर उंच असतो. वाहन ताशी 25 किलोमीटरने त्यावरून अलगद जावं, हा त्याचा हेतू. त्यावर पांढरे पट्टे हवेत, अलीकडे फलक हवा, रात्री तो दिसायला हवा. ते म्हणाले, "गुरुजी, गतिरोधक गाडी हळू करण्यासाठी असतो, गाडीला शिक्षा करण्यासाठी नव्हे." हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. राज्यमार्गावर तो वाटेल तिथे घालता येत नाही, त्याला परवानगी लागते, हेही तेव्हा कळलं.

वेग कमी का करायचा, याचा हिशेब मी वर्गात मुलांना फळ्यावर करून दाखवत असे. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. समोर पोर दिसलं, पाय ब्रेकवर गेला, तोवर एक सेकंद गेलेला असतो. गाडी पूर्ण थांबेपर्यंत 25 ते 30 मीटर जातात. तीच गाडी ताशी 30 ने असली तर याच्या निम्म्याहून कमी अंतरात थांबते. शाळेच्या फाटकापासून रस्त्याची कड आमच्याकडे जेमतेम दहा पावलं आहे. आता तुम्हीच सांगा, गावातून जाताना कोणता वेग हवा?

त्यानंतर आम्ही शाळेत एक वही घातली. दोनशे पानी, साधी. गावच्या हद्दीत कुणी पडलं, धडकलं, अगदी थोडक्यात वाचलं तरी त्यात लिहायचं. जागा कोणती, वेळ काय, वाहन कोणतं, उजेड होता की अंधार, रस्ता ओला की कोरडा. चूक कुणाची हे लिहायचं नाही. चूक लिहायला लागलो की भांडणं होतात आणि वही बंद पडते.

वर्षभराने वही उघडून बसलो तेव्हा आश्चर्य वाटलं. "हा रस्ताच वाईट," असं आम्ही म्हणत होतो. प्रत्यक्षात बहुतेक नोंदी तीनच जागांच्या होत्या. शाळेचं फाटक, एस.टी. थांब्याजवळचं वळण आणि कारखान्याकडे जाणारा फाटा.

शाळेसमोर रीतसर मागणी करून, वहीची नक्कल जोडून, पांढऱ्या जाड पट्ट्या आणि फलक मिळवले. शाळा भरताना आणि सुटताना दोन पालक पाळीपाळीने हातात लाल कापड घेऊन उभे राहू लागले. वळणावर गाडी दिसत नव्हती, कारण बाभळी वाढल्या होत्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागले होते. बाभळी एका रविवारी तोडल्या. फलक काढायला मात्र तीन महिने लागले. बाभळीला कार्यकर्ते नसतात! थांबा वळणापासून पन्नास पावलं पुढे नेला. या सगळ्याला खर्च म्हणाल तर एका जत्रेतल्या फटाक्यांहून कमी.

तिसरी जागा अवघड होती. गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावर दिवसरात्र उसाच्या गाड्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागचा दिवा फुटलेला किंवा उसाखाली झाकलेला. पंक्चर झाली की ट्रॉली तिथेच सोडून चालक चाक घेऊन जातो. तिच्याभोवती दगड लावतो. चाक बसलं की ट्रॉली निघून जाते, दगड मात्र रस्त्यावरच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही आणि दगडही दिसत नाहीत.

सुरुवातीला आम्ही चालकांना दमदाटी केली. उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या तळावर जाऊन बसलो. मुकादमाने चहा दिला. एक चालक म्हणाला, "सर, कालपासून रांगेत आहे, झोप नाही. दिव्याची वायर रोज तुटते, रोज कोण जोडणार?" त्याचंही खरं होतं. तेव्हापासून दर हंगामाच्या तोंडाला आम्ही परावर्तक पट्ट्या आणतो. मागे लाल, पुढे पांढऱ्या. वायर नको, बॅटरी नको, समोरच्या दिव्याच्या उजेडाने आपोआप चमकतात. ट्रॉलीला लावतो, तशा बैलगाडीच्या मागच्या आडव्या लाकडालाही लावतो. पहिल्या वर्षी वर्गणी काढली, पुढे कारखान्यानेच पट्ट्या देऊ केल्या. आणि दगड उचलण्याचं काम सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांनी घेतलं.

आता थोडं घरातलं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यांत 40 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणारी. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातलीच. आपण म्हणतो, "गावातल्या गावात हेल्मेट कशाला?" आमच्या वहीत दुचाकीच्या ज्या नोंदी आहेत, त्या बहुतेक घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या आहेत. आणि हेल्मेट घालायचं तर पट्टा लावून. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट माणसाच्या आधी पडतं.

माझा नातू आठवीत असताना "आजोबा, दूध घालून येतो," म्हणून गाडीची किल्ली मागायचा आणि मी कौतुकाने द्यायचो. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारा मी! 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी किल्ली द्यायचं थांबवलं ते कायद्याच्या भीतीने नव्हे. त्या भावाचा चेहरा आठवला म्हणून.

अपघात झालाच तर? त्या रात्री लोक जमले, पण पोलिसांचं लचांड नको म्हणून बराच वेळ कुणी हात लावला नाही. आज तरी ही भीती सोडा. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, पुढे ते कायद्यातही आलं. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. 108 ला फोन करा, मानेला हिसका बसेल असं उचलू नका, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. 2025 च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही लागू झाली आहे. हे आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

मोठ्या रस्त्यांवरही वाट हीच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं गेली. तेव्हापासून तिथे रस्ते महामंडळ, पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी एकेका जागेचा अभ्यास करून कठडे, फलक, बंद पडलेल्या गाड्या हटवणं अशी कामं केली आणि पुढच्या वर्षांत मृत्यू घटले. आधी नोंद, मग जागा, मग उपाय. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्याकडे मोर्चा नेण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि वर्षभराची वही घेऊन जा. रिकाम्या हातांनी गेलेल्याला आश्वासन मिळतं. नोंदी घेऊन गेलेल्याला निदान उत्तर द्यावं लागतं, हा माझा अनुभव आहे.

आमच्या गावात अपघात संपले, असं मी म्हणणार नाही. वहीची पानं आता सावकाश भरतात, इतकंच. त्या वहीच्या पहिल्या पानावर नाव नाही, फक्त तारीख आहे, 2012 च्या दिवाळीतली. नवीन आलेले शिक्षक विचारतात, "सर, इथं अपघाताचं कारण लिहिलेलं नाही." मी त्यांना बाहेर नेतो, शाळेसमोरचे पांढरे पट्टे दाखवतो आणि ही गोष्ट सांगतो.